डिक डेल आणि एका तारेवरची लाट

१९६१चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचजवळ बाल्बोआ नावाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरलेली आहे. तिथे ‘रॉन्देव्हू बॉलरूम’ नावाचं भलंमोठं नृत्यगृह होतं. चाळीसच्या दशकात स्टॅन केंटनसारख्यांचे बिग बँड तिथे वाजत आणि सुटाबुटातली जोडपी नाचत. नंतर तो जमाना ओसरला आणि हॉल रिकामा राहू लागला. चोवीस वर्षांच्या एका पोराने तो मागितला. त्याला तिथे इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती, आणि त्याचे श्रोते म्हणजे दिवसभर लाटांवर पडीक असणारी, केसांत वाळू आणि पायात काही नसलेली पोरं.

गावातल्या मोठ्या माणसांना ही गर्दी नको होती. शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर: मुलांनी टाय लावूनच आत यायचं. मग दारात टायचा खोका ठेवला गेला. येणारा प्रत्येक सर्फर खोक्यातून एक टाय उचलायचा, गळ्यात अडकवायचा आणि अनवाणीच आत जायचा. हा किस्सा तो गिटारवाला पुढे आयुष्यभर सांगत राहिला. काही महिन्यांत त्या हॉलमध्ये हजारोंची गर्दी व्हायला लागली आणि तिथल्या लाकडी जमिनीवर पाय आपटून नाचायच्या प्रकाराला ‘सर्फर स्टॉम्प’ असं नावही पडलं.

त्या पोराचं नाव डिक डेल. नाव ऐकलं नसेल, तरी त्याची गिटार तुम्ही नक्की ऐकली आहे. ‘पल्प फिक्शन’ सिनेमाची नामावली सुरू होते तेव्हा जे वादळ घुसतं, ती त्याची. ब्लॅक आइड पीजच्या ‘पंप इट’मध्ये मागे जी सुरावट गरगरत राहते, तीही त्याचीच. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकली, नंतरच्यांनी जिममध्ये आणि रील्समध्ये.

या संगीताला ‘सर्फ म्युझिक’ म्हणतात. ऊन, वाळू, निळं पाणी, सोनेरी केसांची मुलं-मुली असं अस्सल अमेरिकन कॅलिफोर्नियाचं चित्र त्याच्यासोबत येतं. पण डेलच्या आयुष्याचा धागा पकडून मी मागे मागे जाऊ लागलो, तसा त्या चित्रातला जवळपास प्रत्येक रंग कुठून तरी लांबून आलेला निघाला.

मन्सूर

डिक डेल हे टोपणनाव. ४ मे १९३७ रोजी बॉस्टनमध्ये जन्मलेल्या या मुलाचं खरं नाव रिचर्ड अँथनी मन्सूर. वडिलांकडचं घराणं लेबनीज, आईकडचं पोलिश. (मन्सूर म्हटलं की आपल्याला पंडित मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. त्यांचं आडनाव धारवाडजवळच्या गावावरून आलेलं, आणि हे अरबी. योगायोग फक्त उच्चाराचा.)

बॉस्टनशेजारच्या क्विन्सीत तो वाढला. घरात लेबनीज मंडळींचा राबता असे. त्याचे काका ऊद वाजवत. ऊद म्हणजे पोटाशी गोल, मानेशी आखूड असं अरबी तंतुवाद्य. त्यांनीच पुतण्याला दर्बुका शिकवला. दर्बुका हा पेल्याच्या आकाराचा ताल, मांडीवर आडवा धरून बोटांनी वाजवायचा. म्हणजे या मुलाच्या हातात गिटार येण्याआधी बोटांत एक लय येऊन बसली होती, आणि ती बेरूतहून अटलांटिक ओलांडून आलेली होती. त्यात भर पडली जॅझ ड्रमर जीन क्रूपाची. त्याचे घणाघाती ड्रम ऐकून मुलगा घरातल्या डब्यांवर हात चालवायचा.

गायक व्हायचं, तर हँक विल्यम्ससारखा कंट्री गायक, असं त्याचं स्वप्न होतं. पुढे टेक्सास टायनी नावाच्या एका रेडिओवाल्याने त्याला सुचवलं, की कंट्री गायकाला ‘डिक डेल’ हे नाव शोभेल. दोन छोटे, ठसठशीत, इंग्रजी शब्द. मन्सूर मागे पडला. पण नाव बदललं, हात तेच राहिले.

१९५४मध्ये वडिलांना विमानउद्योगात काम मिळालं आणि कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसजवळच्या एल सेगुंडोला आलं. गावाच्या एका अंगाला पॅसिफिक. मुलगा सतरा वर्षांचा. तो पाण्यात उतरला आणि मग बाहेर यायचं नावच घेईना.

फळी कुठून आली

इथे क्षणभर थांबून त्या समुद्राकडे बघू या. एल सेगुंडोच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर रेडोंडो बीच आहे. १९०७मध्ये तिथल्या रेल्वेमालकाने जॉर्ज फ्रीथ नावाच्या हवाईयन तरुणाला नोकरीवर ठेवलं होतं. काम काय, तर लाटेवर फळी टाकून त्यावर उभं राहून दाखवायचं. ते बघायला लोक रेल्वेचं तिकीट काढून येत आणि वाटेत समुद्रकाठचे प्लॉट बघत. कॅलिफोर्नियात सर्फिंग रुजलं ते असं. हवाईत मात्र ही कला शतकानुशतकांची होती. राजेही लाटांवर चढत आणि कोळीही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिच्याकडे नाक मुरडलं, रोगराईने हवाईयन माणसं मोठ्या संख्येने मेली आणि ती जवळजवळ विझत आली. तिथून ती पुन्हा उभी राहिली.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी लाकडाऐवजी फोमच्या हलक्या फळ्या आल्या. जे काम आधी दणकट गड्यांचं होतं, ते शाळकरी पोरापोरींना जमू लागलं. १९५७मध्ये ‘गिजेट’ नावाची कादंबरी आली. मलिबूच्या सर्फरांमध्ये घुसलेल्या एका मुलीची ती गोष्ट. दोन वर्षांत त्यावर सिनेमा निघाला आणि अमेरिकाभरच्या पोरांना समुद्राचं वेड लागलं. त्या कादंबरीचा लेखक फ्रेडरिक कोनर हा बोहेमियात जन्मलेला ज्यू, नाझींच्या काळात युरोप सोडून हॉलिवूडला आलेला. आपल्या मुलीच्या तोंडून ऐकलेल्या किनाऱ्यावरच्या गप्पा त्याने परक्या भाषेत लिहून काढल्या होत्या.

फळी हवाईची, गोष्ट बोहेमियातून आलेल्या माणसाची. आवाज अजून यायचा होता.

उलटी गिटार

डेल डावखुरा होता. उजव्या हाताच्या लोकांची गिटार त्याने तशीच उलटी धरली. तारा बदलायच्या असतात हे कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या तशाच राहिल्या: जाड तारा खाली, बारीक वर. जिमी हेंड्रिक्सही उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, पण त्याने तारांचा क्रम बदलून घेतला होता. डेलने तो कधीच बदलला नाही. पुढे डाव्या हाताची खास गिटार मिळाली, तीवरही तारा उलट्याच.

तारा तरी कसल्या? बहुतेक वादक बोटांना सोप्या पडाव्यात म्हणून बारीक तारा लावतात. डेलची सर्वांत जाड तार इंचाच्या साठ हजारांश जाडीची होती. त्यावर तो पिकने इतक्या वेगाने वर-खाली प्रहार करायचा, की घर्षणाने प्लॅस्टिकचं पिक झिजून जायचं. सरोद ऐकणाऱ्यांना ‘दिर दिर दिर दिर’ माहीत असतं. एकाच तारेवर उलटसुलट आघातांची झड लावायची, की सुट्टे आघात ऐकू न येता सलग गर्जना ऐकू येते. तंत्र त्याच जातीचं, फक्त हात दर्बुकाच्या तालमीत तयार झालेला.

हे सगळं कशासाठी? डेलचं म्हणणं होतं, की लाटेच्या पोटात असताना अंगाला जे जाणवतं ते त्याला ऐकवायचं आहे. काठावर बसून दिसणारा समुद्र वेगळा असतो. मी कोकणातल्या समुद्रात छातीभर पाण्यात उभं राहून फुटणारी लाट अंगावर घेतली आहे, तेवढ्यावरूनही हे कळतं. आत कानापेक्षा छातीला जास्त ऐकू येतं. डेलला तो दणका गिटारमधून हवा होता. आणि तिथेच अडचण आली.

त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर छोट्या क्लबसाठी बनत. हजारो माणसांच्या हॉलमध्ये, ओल्या टॉवेलसारखा आवाज शोषून घेणाऱ्या त्या गर्दीत, त्यांचा आवाज मागपर्यंत पोचत नसे. डेल बटण पूर्ण पिळायचा आणि यंत्र धूर सोडायचं. रॉन्देव्हूपासून फार लांब नसलेल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडरचा कारखाना होता. आज जगभर वाजणाऱ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा हा जनक, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. डेल त्याच्याकडे जळालेले अ‍ॅम्प घेऊन जायचा, फेंडर नवे द्यायचा, डेल तेही जाळायचा. असे जवळपास पन्नास जाळले, असं डेल सांगे. आकडा त्याचा, आणि किस्से रंगवायची त्याला हौस होती. पण त्यामागची खटपट खरी होती.

शेवटी फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी तवारेस रॉन्देव्हूच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. तेव्हा त्यांना मामला कळला. मग मोठा ट्रान्सफॉर्मर आला, पंधरा इंची जेबीएल स्पीकर आला, पुढे एका पेटीत असे दोन स्पीकर बसले. या धडपडीतून ‘शोमॅन’ आणि ‘ड्युअल शोमॅन’ हे अ‍ॅम्प जन्मले. रॉक संगीत पुढे स्टेडियमभर ऐकू येऊ लागलं, त्या वाटेवरची ही एक मोठी पायरी. आणि हा तवारेस कोण? हवाईतल्या माउई बेटावर जन्मलेला स्टील गिटारवादक. हवाई पुन्हा एकदा मागच्या दाराने आत आली.

‘सर्फ म्युझिक’ची ओळख बनलेला तो ओला, घुमणारा आवाज म्हणजे रिव्हर्ब. पेटीत स्प्रिंगा बसवायच्या आणि त्यांतून आवाज फिरवून आणायचा. डेलला तो हवा होता गाण्यासाठी, कारण आपला गाता आवाज त्याला कोरडा वाटायचा. गिटारला तो नंतर जोडला गेला, आणि मग तोच पाण्याचा आवाज ठरला.

१९६१मध्ये त्याची ‘लेट्स गो ट्रिपिन’ ही शब्दांविना धून आली. पुष्कळ जण तिला पहिली सर्फ-धून मानतात. त्याच वर्षीची, त्याच किनारपट्टीवरच्या ‘बेलेअर्स’ या पोरांच्या बँडची ‘मिस्टर मोटो’ आधीची, असं म्हणणारेही आहेत. मला या पहिल्या नंबरच्या भांडणात रस नाही. मला रस आहे पुढच्या वर्षी जे आलं त्यात.

इजिप्तची पोर

गोष्ट अशी सांगतात. एका छोट्या मुलाने डेलला विचारलं, तू एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवू शकशील का? डेल रात्रभर विचार करत राहिला. मग त्याला काकांचा ऊद आठवला, आणि घरच्या मैफिलींत ऐकलेलं एक गाणं: ‘मिसरलू’.

मिसरलू म्हणजे इजिप्तची मुलगी. अरबीत इजिप्तला ‘मिस्र’ म्हणतात. खडीसाखरेला हिंदीत जी ‘मिश्री’ म्हणतात, तिच्या पोटातही हाच मिस्र आहे. त्या मिस्रला तुर्की वळण लागलं आणि ग्रीक गाण्याचं नाव झालं. या गाण्याची सर्वांत जुनी माहीत असलेली ध्वनिमुद्रिका १९२७ची, अमेरिकेत स्थायिक झालेल्या तेतोस दिमित्रियादिस या गायकाची. तो मूळचा इस्तंबूलचा ग्रीक. म्हणजे ग्रीक भाषा, तुर्की शब्द, अरब मुलगी. जुन्या ऑटोमन साम्राज्याच्या बंदरांमध्ये ग्रीक, अरब, आर्मेनियन, ज्यू, तुर्क शेजारी राहत होते, तेव्हा अशी गाणी कुणा एकाची नसत. ज्यूंच्या लग्नातही ते वाजलं आणि बेली डान्समध्येही. १९४१मध्ये निकोलस रुबानिस या ग्रीक-अमेरिकन संगीतकाराने ते आपल्या नावावर नोंदवलं. तेव्हापासून कागदोपत्री ते त्याचं.

मूळ गाणं संथ, सुस्कारा टाकत चालणारं. डेलने ते गिटारच्या सर्वांत जाड तारेवर घेतलं, दर्बुकाची झड लावली आणि वेग इतका वाढवला की विरहगीताचं वादळ झालं.

आता एक करून बघा. पेटी असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलवर हार्मोनियमचं अ‍ॅप उघडा. सा धरा. मग कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. हे स्वर ओळखीचे आहेत ना? हा आपला भैरव थाट. मी डेलच्या मिसरलूची मुख्य सुरावट पेटीवर हळू वाजवून पाहिली, तेव्हा ती या पट्ट्यांवर न चुकता बसली. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे मान्य. भैरवातला तो आंदोलित रे, तो सकाळचा गंभीरपणा इथे शोधू नये. पण कोमल रेवरून शुद्ध गवर उडी मारताना पोटात जे खड्डा पडल्यासारखं होतं, ते दोन्हीकडे आहे. कर्नाटक संगीतात लहान मुलांचा पहिला धडा याच स्वरांत, मायामालवगौळमध्ये असतो. अरबांकडे आणि तुर्कांकडे या स्वरांना आणखी वेगळी नावं आहेत.

१९६२च्या कॅलिफोर्नियात, टाय लावलेल्या अनवाणी पोरांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना ती आपलीच लाट वाटली. पुढच्या वर्षी ‘बीच बॉइज’नी ‘सर्फिन यूएसए’ या अल्बमवर डेलच्या दोन्ही धुना वाजवल्या, मिसरलूसुद्धा. (त्या बँडमध्ये खराखुरा सर्फर एकटा डेनिस विल्सन.) शीर्षकात यूएसए आणि आत ऑटोमन बंदरातलं गाणं, हे त्या अल्बमवर सुखाने शेजारी बसले आहेत.

ओहोटी

डेलचे रेकॉर्ड आधी ‘डेलटोन’ या घरच्याच कंपनीतून निघत. ती त्याच्या वडिलांनी काढली होती. १९६३मध्ये कॅपिटॉलसारखी बडी कंपनी आली, ‘बीच पार्टी’ हा सिनेमा आला, एड सलिव्हनचा टीव्ही शो झाला. सर्फ-गिटारचा राजा हा किताब मिळाला. आणि फेब्रुवारी १९६४मध्ये त्याच एड सलिव्हनच्या शोमध्ये बीटल्स आले. शब्दांविना वाजणारी गिटार एका हंगामात जुनी झाली.

त्यानंतर दुखणं आलं. साठच्या दशकाच्या मध्यात त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. तिशीही गाठली नव्हती. त्यातून तो वाचला. १९६६मध्ये रॉन्देव्हू बॉलरूम आगीत जळून गेली. १९७९मध्ये न्यूपोर्टजवळ पोहताना पायाला झालेली किरकोळ जखम चिघळली आणि पाय कापायची वेळ येऊन ठेपली. कारण समुद्राचं प्रदूषित पाणी. ज्या पाण्याचा आवाज त्याने जगाला दिला, त्याच पाण्यात माणसांनी सोडलेल्या घाणीने त्याला आडवं केलं. बरा झाल्यावर तो समुद्राच्या स्वच्छतेबद्दल बोलू लागला, आणि पुन्हा वाजवूही लागला.

१९८७मध्ये ‘बॅक टू द बीच’ या सिनेमासाठी स्टीव्ही रे व्हॉनबरोबर त्याने ‘पाइपलाइन’ वाजवलं. त्याला ग्रॅमी नामांकन मिळालं. १९९४मध्ये क्वेंटिन टॅरँटिनोने ‘पल्प फिक्शन’ची नामावली मिसरलूवर सुरू केली आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी डेल पुन्हा जगभर पोचला. या वेळी ते श्रोते असे होते, की ज्यांनी समुद्र पाहिलाच असेल असं नाही. गाणं कागदावर रुबानिसचं, त्यामुळे रचनाकाराची रॉयल्टी डेलकडे येणार नव्हती. त्याचा खरा पैसा रस्त्यावर होता, कार्यक्रमांत.

तीन हजार डॉलर

शेवटची वर्षं लिहिताना माझा हात जड होतो. कॅन्सर परतून आला होता. त्यात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मणक्यांची झीज. पोटाला कोलोस्टोमीची पिशवी. २०१५मध्ये, अठ्ठ्याहत्तरीत, त्याने एका मुलाखतीत उघड सांगितलं, की आपण दौरे थांबवू शकत नाही. पिशव्या, पट्ट्या आणि इतर वैद्यकीय सामानासाठी महिन्याला तीन हजार डॉलर लागतात, विमा ते पुरेसं देत नाही, आणि ते मिळवायचे तर वाजवावं लागतं.

ही बातमी तेव्हा खूप फिरली. अनेकांना त्यात अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेची लाज दिसली, आणि ती होतीच. पण त्याच्या त्या काळातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहिले, तर नुसती दया टिकत नाही. म्हातारा पांढरे केस मागे बांधून, डोक्याला पट्टा लावून उभा आहे. तीच उलटी गिटार, त्याच जाड तारा. मध्येच तो गिटारच्या तारांवर ड्रमच्या काठ्या चालवतो, कधी ट्रम्पेट उचलतो. दुखणाऱ्या शरीरातून तो तोच दणका बाहेर काढतो आणि तेवढा वेळ दुखणं विसरतो, असं तो सांगायचा.

१६ मार्च २०१९ रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, हृदय बंद पडून तो गेला.

गाणं अस्सल कुणाचं, असा वाद आपल्याकडेही सतत चालतो. कुणी कुणाचं ढापलं, कोणता सूर आपला आणि कोणता परका. मला वाटतं, डेलच्या बाबतीत अस्सल काय असेल तर तो हात. त्या हाताने काकांचा दर्बुका ऐकला, पॅसिफिकची लाट झेलली आणि दोन्ही एका तारेवर आणून ठेवलं. त्याची किंमतही त्याच्या शरीराने शेवटपर्यंत मोजली. बाकी सूर इस्तंबूलचे, बेरूतचे, स्प्रिंगा फुलरटनच्या, फळी हवाईची.

वेळ असेल तर हेडफोन लावून आधी दिमित्रियादिसची १९२७ची मिसरलू ऐका, मग डेलची १९६२ची. शेवटी त्याच्या म्हातारपणीच्या एखाद्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावा आणि फक्त पिक धरलेल्या त्या डाव्या हाताकडे बघा. तो गेला तेव्हा त्याच वर्षीच्या पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा ठरलेल्या होत्या.